एक अक्षर बदलले आहे, कृपया तपासावे

सॉफ्टवेअरच्या लायब्ररीसोबत येणारी माहितीची पानं, म्हणजे आमच्या धंद्यातले 'डॉक्स', कुणी आवडीनं वाचत नाही. लोक तिथे अडल्यावरच जातात. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, सकाळी क्लायंटला काहीतरी चालतं-बोलतं दाखवायचं असतं आणि एका फंक्शनला तिसरा आर्ग्युमेंट कोणता द्यायचा एवढंच बघायचं असतं. पान उघडतं. तिसरा आर्ग्युमेंट सापडतो. आणि त्याच्या वर्णनात 'रिसीव्ह'च्या स्पेलिंगमधल्या ई आणि आय यांनी जागा बदललेल्या दिसतात.

इथे माणसांचे दोन प्रकार पडतात. पहिला अर्थ उचलतो आणि चालू लागतो. त्याचं काम वेळेत होतं, त्याला बढती मिळते, यथावकाश तो बाणेरला फ्लॅट घेतो. दुसऱ्याला मात्र त्या ई-आयच्या पुढे वाचताच येत नाही. क्लायंट, सकाळ, तिसरा आर्ग्युमेंट सगळं बाजूला राहतं. जगातल्या कुठल्यातरी अनोळखी माणसानं फुकट लिहिलेल्या, आपल्या पगाराशी काडीचा संबंध नसलेल्या पानावरची ती दोन अक्षरं सरळ झाल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

या दुसऱ्या प्रकाराचं पीक आपल्याकडे मुळातच उदंड. लग्नपत्रिका हातात पडली की मुहूर्त कधीचा, कार्यालय कुठलं, जेवण किती वाजता, हे सगळं नंतर. आधी 'आशीर्वाद'मधला रफार योग्य अक्षरावर बसलाय की नाही ते बघायचं, आणि नसला बसला की पत्रिका बायकोकडे सरकवून "बघ" एवढंच म्हणायचं. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांपैकी चौदा 1962 मध्ये आले आणि चार 1972 मध्ये. या अठरांवर पोसलेल्या घरातलं मूल इंजिनियरिंगला गेलं म्हणून काही वेगळं होत नाही. ते फक्त लग्नपत्रिकांकडून लायब्ररींकडे वळतं.

वरवर पाहता काम सोपं आहे. पानाच्या कोपऱ्यात एक पेन्सिल असते. ती दाबली की गिटहब, म्हणजे असे प्रकल्प जिथे ठेवतात ते संकेतस्थळ, आधी अख्ख्या प्रकल्पाची एक प्रत तुमच्या नावावर काढून देतं. लाखो ओळींचा कोड, दहा-पंधरा वर्षांचा इतिहास, शेकडो लोकांचे कष्ट, सगळं तुमच्या खात्यात, कारण तुम्हाला ई आणि आय यांची अदलाबदल करायची आहे. मग तुमच्या बदलासाठी एक शाखा काढली जाते आणि तिचं बारसं तुम्ही केलं नाही तर गिटहबच करतं: पॅच-1. जगभरातल्या शुद्धलेखनप्रेमींच्या शाखा बघितल्या तर पॅच-1, पॅच-1, पॅच-1 अशी रांग लागलेली दिसते. ज्याच्या खात्यात पॅच-4 दिसेल तो माणूस घरी बोलून काही उपयोग नाही अशा अवस्थेला पोचला आहे असं समजावं.

मग फॉर्म येतो. या बदलानं कोणती समस्या सुटते? (रिसीव्हची.) बदलाची गरज काय? (बघवत नाही.) जुन्या व्हर्जनशी सुसंगत आहे का? (नाही, जुन्यात चूक होती.) टेस्ट लिहिल्या का? बदल कसा तपासला? इथे प्रामाणिक माणूस 'डोळ्यांनी' असं लिहितो आणि अनुभवी माणूस सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करून मोकळा होतो.

त्यानंतर कायदा. पुष्कळ मोठ्या प्रकल्पांत तुमचा बदल स्वीकारण्याआधी एका करारावर सही मागतात. लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणून आपलं नाव लिहावं लागतं. ही पद्धत 2004 पासूनची. कर्नलमधला कोड नेमका कुणाच्या मालकीचा यावरून तेव्हा मोठी कोर्टबाजी चालू होती. त्या सहीचा मथितार्थ असा की हा मजकूर मी स्वतः लिहिला आहे किंवा तो देण्याचा मला हक्क आहे. तत्त्व रास्त आहे. पण आपल्याकडच्या नोकरीच्या करारांत बहुधा असंही एक कलम असतं की नोकरीत असताना तुम्ही जे जे निर्माण कराल ते ते कंपनीचं. म्हणजे त्या 'ई'ची मालकी कुणाची हा प्रश्न हिंजवडीच्या एखाद्या एचआर विभागाला विचारला, तर उत्तर यायला दोन तिमाही लागतील आणि ते 'कृपया मॅनेजरशी बोलावे' असं असेल.

सही झाली की यंत्रं कामाला लागतात. दोनच अक्षरं बदललीत, पण प्रकल्पाची शिस्त शिस्त आहे. लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर, भाषेच्या चार-पाच व्हर्जनांत, सगळ्या टेस्ट पहिल्यापासून चालतात. कुठल्यातरी थंड देशातल्या डेटा सेंटरमधले पंखे गरागरा फिरतात. आणि अर्ध्या तासानं विंडोजवरची नेटवर्कची एक टेस्ट, जी दर चार दिवसांनी विनाकारण रुसतेच, ती नेमकी आजच रुसते. तुमच्या नावापुढे लाल फुली लागते. प्रकल्पाच्या सार्वजनिक दप्तरी नोंद होते की या व्यक्तीनं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि बिल्ड मोडली.

पायथनकडे या सोपस्कारांचीही चेष्टा करायची रीत आहे. भाषेचं नावच मुळी सापावरून नाही, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून ठेवलेलं. त्यामुळे तिथले स्वयंचलित कारकूनही त्यांच्याच सिनेमातले. बेडेव्हिअर नावाचा सरदार दारात उभा राहून तुमची कागदपत्रं तपासतो. बदलासोबत बातमीची नोंद जोडली आहे का, हेही बघितलं जातं, आणि स्पेलिंगची दुरुस्ती बातमी होण्याच्या लायकीची नसल्यामुळे तिच्यावर 'बातमी वगळा' अशा अर्थाची चिठ्ठी कुणीतरी डकवावी लागते. परीक्षकानं सुधारणा सुचवल्या की बेडेव्हिअर तुम्हाला त्या करायला सांगतो, आणि न केल्यास मऊ उशांनी टोचण्यात येईल किंवा आरामखुर्चीत बसवण्यात येईल, अशी धमकीही देतो. बदल एकदाचा स्वीकारला गेला की मिस इस्लिंग्टन नावाची दुसरी कारकून (सिनेमात ती चेटकीण आहे) तो उचलून मागच्या व्हर्जनांमध्येही नेऊन लावायला घेते. सरकारी कचेरीत अशी एखादी मिस इस्लिंग्टन बसवली तर सातबाऱ्यावरची नावं एका पिढीत दुरुस्त होतील.

इथवर सगळं यंत्रांशी चाललेलं असतं. खरी मौज माणसं आल्यावर सुरू होते.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकानं 1957 च्या पुस्तकात एका समितीची बैठक वर्णन केली आहे. कोट्यवधींची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते, कारण अणुभट्टीतलं कुणालाच काही कळत नसतं. मग सायकली ठेवायच्या छपराचा विषय निघतो आणि त्यावर पाऊण तास घमासान चर्चा होते, कारण छप्पर सगळ्यांनाच कळतं. आमच्या धंद्यात हे छप्पर आणलं पॉल-हेनिंग काम्प यानं, 1999 मध्ये. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'स्लीप' नावाची एक चिमुकली आज्ञा आहे. दिलेल्या सेकंदांपुरतं गप्प बसायचं, एवढंच तिचं काम. तिला पूर्णांकाऐवजी अपूर्णांकातले सेकंद चालावेत का, यावरून पुष्कळ शहाण्यांनी आपापली मतं मांडली. शेवटी काम्पनं वैतागून एक पत्र लिहिलं, त्यात पार्किन्सनच्या छपराची गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून असल्या वादांना 'बाइकशेड' हे नाव कायमचं चिकटलं.

डॉक्सची दुरुस्ती म्हणजे असं छप्पर, ज्याला प्रत्येकाला आपल्या आवडीचा रंग द्यायचा आहे. तुम्ही 'बिहेवियर'मध्ये यू घालता. लगेच अमेरिकेतला एकजण येऊन तो काढायला सांगतो. ऑस्ट्रेलियातला दुसरा म्हणतो, मूळ लेखक ब्रिटिश होता, यू राहू द्या. तिसरा विचारतो की आपल्या प्रकल्पाचं यूबद्दलचं धोरण कुठे नोंदवलेलं आहे काय? ते नसतं. मग आधी धोरण ठरवावं असं ठरतं. चौथा, ज्याच्या नावापुढे सदस्य असा बिल्ला असतो, तो येऊन म्हणतो, खरं तर हा पूर्ण परिच्छेदच नव्यानं लिहायला हवा. सगळे अंगठे वर करतात. तो परिच्छेद नव्यानं कुणीच लिहीत नाही आणि तुमची दुरुस्ती त्या न लिहिलेल्या परिच्छेदाची वाट बघत वर्षभर उघडी पडून राहते. मधल्या काळात त्याच प्रकल्पात कुणीतरी चार हजार ओळींचा नवा कोड आणतं आणि त्याखाली एकच शेरा पडतो: 'उत्तम.' अणुभट्टी मंजूर.

आमच्या शेजारचे काका पूर्वी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. गॅलीवरचे कागद, बोटांना लागलेली शाई, ओल्या प्रुफांचा वास या जगातले. एकदा ते सहज आले तेव्हा माझ्या स्क्रीनवर असाच एक बदल उघडा होता. जुनी ओळ लाल, नवी ओळ हिरवी.

"काय गं, हे लाल-हिरवं काय?"

"काका, लाल म्हणजे काढलेलं, हिरवं म्हणजे घातलेलं."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावून दोन्ही ओळी वाचल्या. इंग्रजी त्यांचं बेताचं, पण अक्षर न् अक्षर सुटं करून बघायची जुनी सवय. "एकच अक्षर बदललंय."

"हो."

"आणि हे खाली सात जण काय भांडताहेत?"

"ते अक्षर बरोबर आहे का, त्यावर."

"आमच्याकडे समासात खूण केली की कंपोझिटर खिळा बदलायचा. एक शब्द बोलायचा नाही. शिव्या द्यायचा, पण मनात." मग थोडं थांबून त्यांनी खरा प्रश्न विचारला. "एका चुकीचे देतात किती?"

काही देत नाहीत हे सांगणं जिवावर आलं, म्हणून मी त्यांना डोनाल्ड कनुथची गोष्ट सांगितली. कनुथ हे या धंद्यातलं फार मोठं नाव. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' या ग्रंथमालेचा पहिला खंड 1968 चा, आणि लेखन अजून चालू आहे. आपल्या पुस्तकात चूक दाखवील त्याला ते 2 डॉलर 56 सेंट देतात. आकडा विचित्र वाटतो, पण 256 सेंट म्हणजे सोळाच्या पाढ्यात राहणाऱ्या माणसाचा एक डॉलर. चूक नसेल पण सूचना मोलाची असेल तर 32 सेंट. लोक ते चेक वटवत नसत, चौकटीत घालून भिंतीवर लावत. पुढे चेकवरच्या खाते क्रमांकांचा गैरवापर होऊ लागला, तेव्हा 2008 पासून कनुथ यांनी बँकेचे खरे चेक पाठवणं थांबवलं. आता ते 'बँक ऑफ सॅन सेरिफ'ची प्रमाणपत्रं पाठवतात. सॅन सेरिफ हे बेट पृथ्वीवर कुठेही नाही. गार्डियन या दैनिकानं 1977 च्या एक एप्रिलला वाचकांना बनवण्यासाठी ते समुद्रात सोडलं होतं. म्हणजे आता चुका खऱ्या, बँक खोटी, आणि तरीही त्या कागदासाठी जगभरातले प्राध्यापक कनुथांच्या ग्रंथांत स्वल्पविराम धुंडाळत असतात.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लेखक स्वतः देतो? प्रकाशक नाही?" त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत एकाही लेखकानं प्रुफं वेळेवर परत केली नव्हती. कनुथ त्यांना भुताटकीइतके अद्भुत वाटले.

बक्षीस ठेवलं की काय होतं ते मात्र कनुथांसारख्या सोवळ्या उदाहरणावरून कळत नाही. ते 2020 च्या ऑक्टोबरात कळलं. डिजिटलओशन ही कंपनी 2014 पासून दर ऑक्टोबरला हॅक्टोबरफेस्ट भरवते. त्या वर्षीची अट होती की महिन्याभरात कुठल्याही मुक्त प्रकल्पांत चार बदल सुचवा, टी-शर्ट मिळवा. हेतू चांगला, कापडही चांगलं. पण चार बदल म्हणजे चार प्रोग्राम असं कुणी म्हटलेलं नव्हतं. एक तारीख उजाडली आणि जगभरातल्या प्रकल्पांच्या दारात दुरुस्त्यांचे ढीग पडू लागले. बहुतेकांचा जीव एवढासा: रीडमीच्या, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलच्या, मथळ्याला 'अप्रतिम प्रकल्प' अशा अर्थाचे दोन शब्द जोडलेले. कुणी एक जागा वाढवली, कुणी पूर्णविराम काढला, कुणी तोच परत लावला. संध्याकाळी घरी येऊन फावल्या वेळात प्रकल्प सांभाळणारी माणसं नकारांची बटणं दाबून दमली. तिसऱ्या दिवशी आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचं असेल त्यांनी तसं सांगावं, बाकीच्यांना त्रास नको.

आपण भारतीय यात मागे नव्हतो, हे सांगताना मान वर करावी की खाली हे मला अजून ठरवता आलेलं नाही. टी-शर्टाशिवायही आपलं काम चालू असतं. एक्स्प्रेस या जावास्क्रिप्टच्या नावाजलेल्या लायब्ररीच्या दारात 2024 च्या सुरुवातीला अशीच जत्रा भरली होती. गिट शिकवणाऱ्या एका लोकप्रिय हिंदी व्हिडिओत उदाहरण म्हणून त्या प्रकल्पाचं रीडमी घेतलं होतं, आणि मुलांनी शिकवलं तसं तंतोतंत केलं. रीडमीत स्वतःचं नाव लिहिलं आणि दुरुस्ती म्हणून पाठवून दिलं. किल्ल्याच्या भिंतीवर खिळ्यानं बदाम कोरण्याची आपली परंपरा अशी निमूटपणे डिजिटल झाली.

यावर आपल्याकडे सव्वाचारशे वर्षांहून अधिक जुना उतारा आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी वाटेत पुष्कळ पाठभेद घातले होते. ते निपटून त्यांनी शेवटी एक इशारा लिहून ठेवला. या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली, अशा आशयाचा. आजच्या मुक्त प्रकल्पांत 'योगदान कसे करावे' नावाची दहा-दहा पानी फाइल असते, वर्तनाची आचारसंहिता असते, फॉर्म असतात, यंत्रं असतात. नाथांनी तेवढं सगळं एका नरोटीत बसवलं होतं. आणि गंमत म्हणजे त्यांनी स्वतः नाव न टाकता काम केलं असंही नाही, इशाऱ्याच्या ओव्या त्यांच्याच आहेत. साइन्ड-ऑफ-बाय एकनाथ.

काही चुका मात्र नाथांच्याही हाताबाहेरच्या. तुम्ही एका पानावरून दुवा दाबून दुसऱ्या पानावर गेलात की ब्राउझर त्या दुसऱ्याला सांगतो, हा इसम अमुक ठिकाणाहून आला. ज्या ओळीत तो हे सांगतो तिचं नाव 'रेफरर'. फिलिप हॅलम-बेकर यांनी ती सुचवली तेव्हा स्पेलिंगमध्ये मधला एक आर राहून गेला. 1996 च्या मे महिन्यात एचटीटीपीचा मसुदा आरएफसी 1945 म्हणून प्रसिद्ध झाला, तोवर सर्व्हर आणि ब्राउझर तेच चुकीचं नाव घेऊन एकमेकांशी बोलू लागले होते. मसुद्याचे सहलेखक रॉय फील्डिंग यांचं म्हणणं असं की तेव्हाच्या युनिक्सच्या स्पेलिंग तपासनिसाला बरोबरचा शब्दही ठाऊक नव्हता आणि चुकीचाही. त्यामुळे दोघांना त्यानं सारखंच हाकललं असतं. आता आर घालायचा तर जगातला प्रत्येक सर्व्हर आणि प्रत्येक ब्राउझर एकाच रात्री बदलायला हवा. तेव्हा चूक राहिली. पुढे याच ओळीवर नियंत्रण ठेवणारी दुसरी ओळ आली, 'रेफरर-पॉलिसी', तिच्यात मात्र आर दोन्ही आहेत. एकाच घरातले दोन भाऊ, आडनावं वेगवेगळी, आणि रेशनकार्डावर दोन्ही मंजूर.

या जागी दुरुस्ती करणाऱ्याची परीक्षा होते. कुठल्याही वेब-लायब्ररीच्या डॉक्समध्ये तो एक आर नसलेला शब्द त्याला दिसतो. त्याचे डोळे चमकतात. तो पेन्सिल दाबतो, आर घालतो, पॅच-1 पाठवतो. त्याची दुरुस्ती जर कुणी न बघता स्वीकारली, तर ते डॉक्स वाचून लिहिलेला कोड चालणार नाही. इथे शुद्ध लिहिणं हीच चूक आणि अशुद्ध लिहिणं हाच नियम. शाळेत ज्यांनी शुद्धलेखनात मार्क घालवले त्यांच्यासाठी केवढा हा दिलासा.

युनिक्समध्ये फाइल तयार करणारी जी आज्ञा आहे तिच्या 'क्रिएट'मध्ये शेवटचा ई नाही. केन थॉम्पसन यांना कुणीतरी विचारलं, पुन्हा युनिक्स घडवायची संधी मिळाली तर काय वेगळं कराल? ज्या माणसानं आजच्या निम्म्या संगणकविश्वाचा पाया घातला त्याचं उत्तर होतं, त्या शब्दाला ई लावीन. गो ही भाषा घडवणाऱ्यांतही थॉम्पसन होते. तिच्या नेट-एचटीटीपी लायब्ररीत विनंतीचा मजकूर फार मोठा असल्याची तक्रार करणारं एक वाक्य आहे आणि त्याच्या डोक्यावर टीप लिहिली आहे की हायरमच्या नियमामुळे हा मजकूर बदलता येणार नाही. हायरम राइट या अभियंत्याचा नियम असा की पुरेशी माणसं तुमची लायब्ररी वापरू लागली की तिच्या प्रत्येक सवयीवर कुणी ना कुणी विसंबून राहतं, तुम्ही वचन दिलेलं असो वा नसो. तक्रारीचं वाक्य अक्षरशः तपासून पुढची कृती ठरवणारे प्रोग्राम कुणीतरी, कुठेतरी लिहून ठेवलेले असतात. वाक्य सुधारलं की ते बंद पडतात.

एवढा सगळा उत्साह बघता डॉक्समध्ये आता एकही चूक उरलेली नसावी असं वाटेल. स्पेलिंगची फारशी नसतेच. पण त्या तिसऱ्या आर्ग्युमेंटचं काय झालं? त्याचं वर्णन असं: 'टाइमआउट: वापरायचा टाइमआउट.' स्पेलिंग निर्दोष. व्याकरण निर्दोष. अर्थ शून्य. वापरायचा तो कशात, सेकंदांत की मिलिसेकंदांत? पायथनचा 'स्लीप' सेकंद मोजतो, जावास्क्रिप्टचा 'सेटटाइमआउट' मिलिसेकंद. जावास्क्रिप्टकडून आलेला माणूस अर्धा सेकंद थांबायचं म्हणून पायथनला 500 देतो आणि त्याचा प्रोग्राम 8 मिनिटं 20 सेकंद समाधी लावून बसतो. कर्ल या लायब्ररीनं यावर सरळ दोन वेगळे पर्याय ठेवले. एक सेकंदांचा, दुसऱ्याच्या नावालाच मिलिसेकंदाची शेपटी. हे शहाणपण विरळा. एरवी 'वापरायचा टाइमआउट' हे वाक्य वर्षानुवर्षं जागच्या जागी बसून राहतं. येणारे-जाणारे त्याच्या शेजारचा स्वल्पविराम नीट करून जातात आणि ते वाक्य तसंच राहतं, कारण ते दुरुस्त करायचं तर कोड उघडून वाचावा लागतो. एखाद्या वाक्यातला 'नाही' गळलेला असतो. यादीतला शेवटचा आकडा धरायचा की वगळायचा हे सांगितलेलं नसतं. त्या चुका डोळ्यांना टोचत नाहीत, आणि त्यांच्यासाठी कुणीही पॅच-1 काढत नाही.

उदाहरणादाखल दिलेला कोड तर बहुधा कुणी चालवूनच पाहिलेला नसतो. टिम पीटर्स यांनी यावर एक फक्कड युक्ती काढली होती. पायथनच्या 2.1 मध्ये, 2001 साली, 'डॉकटेस्ट' आलं. डॉक्समध्ये जे उदाहरण आणि जे उत्तर छापलंय, ते यंत्रानंच चालवून बघायचं आणि छापलेलं उत्तर आलं नाही तर बोंब मारायची. पुस्तकातल्या पाककृतीनं वाचकाआधी स्वतः जेवून दाखवावं, तसा प्रकार. पण त्यासाठी उदाहरण पूर्ण लिहावं लागतं, आणि डॉक्स लिहिणाऱ्यांचा तीन टिंबांवर फार जीव.

स्पेलिंगचा एक जरासा मोठा उपयोग मान्य करायला हवा. लिनक्स कर्नलमध्ये किरकोळ दुरुस्त्या गोळा करणारा वेगळा माणूस असे. रस्टी रसेल यांनी स्वतःला त्यासाठी 'ट्रिव्हियल पॅच मंकी' असं नाव दिलं होतं. किरकोळ कशाला म्हणायचं त्याचेही नियम होते. डॉक्समधलं स्पेलिंग चालेल. आणि कोडमधलं ते स्पेलिंग, ज्याच्या चुकीमुळे शोधणाऱ्याला शब्द सापडत नाही. हे खरं आहे. 'रिसीव्ह' असं शोधणाऱ्याला उलट्या ई-आयचं 'रिसीव्ह' हाती लागत नाही, आणि रात्री साडेअकराला तेच वाक्य हवं असतं.

तिकडे आता हे कामही यंत्राकडे गेलंय. 'कोडस्पेल' नावाचा प्रोग्राम अख्ख्या प्रकल्पातून फिरतो आणि नेहमी होणाऱ्या चुका वेचून काढतो. त्याच्याजवळ एक लांबलचक यादी असते. डाव्या बाजूला चूक, उजव्या बाजूला बरोबर. हजारो ओळींची ही यादी म्हणजे शुद्धलेखनप्रेमी माणसाला पडणारं दुःस्वप्न. अर्धं पान चुकांनी भरलेलं, आणि त्या दुरुस्त करायला सक्त मनाई. एकही चूक सुधारली तर यंत्राला ती ओळखता येणार नाही. आणि प्रोग्रामरांनी आळसानं ठेवलेली दोन-दोन अक्षरी नावं यंत्राला चुका वाटतात. कधी माणसांची आडनावंही. म्हणून प्रत्येक प्रकल्पाला आपल्यापुरती माफीची आणखी एक यादी करावी लागते. हे शब्द चुकीचे दिसतात, पण आमचेच आहेत, सोडून द्या.

मध्यंतरी एका प्रकल्पात कुणीतरी त्या माफीच्या यादीवर दुरुस्ती पाठवलेली पाहिली. शब्द तेच, फक्त अकारविल्हे लावलेले. शाखेचं नाव पॅच-1. खाली मोठ्या लिपीतली अक्षरं आधी घ्यायची की छोट्या लिपीतल्यांत मिसळून, यावर चर्चा सुरू होती, आणि सदस्याचा बिल्ला असलेल्या एका गृहस्थानं आधी धोरण ठरवावं असं सुचवलं होतं. अंगठे बरेच पडले होते. मीही एक दिला आणि तिसरा आर्ग्युमेंट सेकंदांत असेल असं धरून पुढे गेले.